हर्सूलपर्यंत बोलायचं नाही

सिडकोतल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं मागायला मी गेलो, तेव्हा मालकीणबाईंनी नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, "गाडी कोणती आहे तुमच्याकडे?"

"स्कूटर आहे. वडिलांची."

"किती वर्षांची?"

मला वाटलं, स्कूटरवरून या आता माझी ऐपत ठरवणार. वैजापूरहून नुकतीच बदली झालेली, बँकेतली नोकरी, नवं लग्न. मी जरा आवाज खाली आणून म्हणालो, "असेल चौदा-पंधरा वर्षांची. पण बदलणार आहे लवकरच."

"कशाला? बंद पडते?"

"नाही."

"मग?"

त्या उठून बाहेर आल्या. स्कूटरभोवती एक फेरी मारली, वाकून तिच्या खालची फरशी पाहिली. तेल गळलेलं नव्हतं.

"रविवारी सामान आणा," त्या म्हणाल्या. "सारखी गाडी बदलणारा माणूस मी भाडेकरू म्हणून घेत नाही. नळ गळायला लागला तर तो वायसर बदलत नाही, घर बदलतो."

त्या सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या. आख्खी कॉलनी त्यांना मेट्रनबाईच म्हणायची, पोस्टमनसुद्धा. उंची बेताची, पाठ ताठ, केसांचा घट्ट अंबाडा. यजमान फार लवकर गेलेले, मुलगा पुण्याला शिकत होता. घरात त्या एकट्या, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ती गाडी.

गाडी म्हणजे पांढरी, चौकोनी, खेळण्यातल्यासारखी छोटी. एके काळी रस्त्यावर दुसरी गाडी दिसायची नाही इतक्या त्या होत्या, मग बघता बघता एकेक करून भंगारात गेल्या. मी राहायला आलो तेव्हाच ती बारा वर्षांची होती आणि मला वाटलं होतं, आता आणखी वर्ष-दोन वर्षं. त्यानंतर वडिलांची ती स्कूटर मी विकली, एक मोटारसायकल घेतली, विकली, मग एकामागून एक चार मोटारगाड्या केल्या. शहराचं नाव बदललं. बाईंच्या शेडमध्ये मात्र तीच गाडी, तिच्या पाटीवर तेच एमएच वीस.

बाई गाडी अनवाणी चालवत. दार उघडलं की चपला काढायच्या, डाव्या सीटखाली नीट जोडीनं ठेवायच्या आणि मग बसायचं. मे महिन्यात पत्रा नुसता तापलेला असे, तरी तसंच. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "इस्माईलभाईंनी शिकवलं तसं चालवते."

इस्माईलभाई हे दवाखान्यातले रुग्णवाहिकेचे चालक. बाई तेव्हा साध्या स्टाफ नर्स होत्या. पेशंट घेऊन जाताना त्या पुढं बसायच्या आणि त्यांचं लक्ष सगळं इस्माईलभाईंच्या हातापायांकडं. एक दिवस त्या माणसानंच विचारलं, "सिस्टर, सीखना है क्या?" मग सुट्टीच्या दिवशी सकाळी आमखास मैदानावर, त्यांच्या मेहुण्याच्या खटारा जीपमध्ये धडे सुरू झाले. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "चप्पल निकालो. पाँव कू मालूम पडना होना, गाडी क्या बोल रई." बाईंनी चप्पल काढली ती कायमची. इस्माईलभाई जाऊनही पुष्कळ वर्षं झाली होती, पण रस्त्यात कुणी कचकन ब्रेक दाबला की बाई म्हणायच्या, "इस्माईलभाईंनी याला जीपमधून उतरवलं असतं."

दुसरा नियम बोलण्याचा. बाईंचं माहेर सोयगावच्या पुढं, एका छोट्या गावात. महिन्यातून एकदा तरी त्या तिकडं जायच्या आणि कधी कधी आम्हा नवरा-बायकोला घेऊन जायच्या. किल्ली फिरवण्याआधी मागं वळून सांगायच्या, "हर्सूलपर्यंत बोलायचं नाही." गाडी थंड असते, तेव्हाच तिचं काय बिनसलंय ते ऐकू येतं, एकदा गरम झाली की सगळे आवाज एकमेकांत मिसळतात, असं त्यांचं म्हणणं. माझी बायको बोलकी. सिडको ते हर्सूल हा प्रवास तिला अजिंठ्यापेक्षा लांब वाटायचा. ओढणीचं टोक तोंडात धरून बसायची बिचारी.

एकदा फुलंब्रीच्या अलीकडं बाईंनी गाडी बाजूला घेतली. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"आवाज येतोय," त्या म्हणाल्या. "गाडीचा नाही. काच आहे. काचेवर काहीतरी लोखंडी."

मी टपावरच्या सामानाची दोरी तपासली, खिडक्या तपासल्या. शेवटी बायकोनं शरमून पायाजवळची पिशवी उचलली. आत ठेच्याची बरणी होती आणि बरणीला टेकून चमचा. बाईंनी चमचा स्वतःच्या रुमालात गुंडाळला, बरणी बायकोच्या मांडीवर दिली आणि गाडी सुरू केली. पुढं सिल्लोडला चहा घेताना म्हणाल्या, "ठेचा चांगला दिसतोय."

त्या गाडीला किलोमीटरचे आकडे पाचच घरांचे. लाख झाले की सगळी शून्यं होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी शेजारी बसलो होतो. गोळेगावच्या आसपास, दुतर्फा मक्याची शेतं. आकडे एकदम हलले, एकाला एक धक्का देत फिरले आणि ओळीनं पाच शून्यं आली. तीन लाख किलोमीटर! तेव्हा माझी तिसरी गाडी होती आणि तिचे चाळीस हजार झाले म्हणून मी गिऱ्हाईक शोधत होतो.

"बाई, अभिनंदन!" मी ओरडलोच.

"कसलं?" त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "आकडे संपलेत. गाडी नाही."

लोकांना वाटायचं बाईंचा गाडीवर फार जीव आहे. तसं कुणी म्हणालं की त्या चिडायच्या. एका नातेवाईकानं गमतीनं म्हटलं, "तुमची ही लाडकी पेशंट." बाईंनी त्याला तिथल्या तिथं गप्प केलं. "पेशंट कशी? पेशंट बरा होतो आणि घरी जातो. ही ड्युटीवर आहे." गाडीला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही, दसऱ्याला हार घातला नाही, आरशाला काही लटकवलं नाही. धुवायच्या मात्र स्वतः, आणि चाकाच्या आतल्या बाजूनं आधी. दिसतं ते शेवटी.

दुरुस्ती शहागंजमध्ये. तिथल्या बोळात एक गॅरेज होतं. आधी बाप बघायचा, मग मुलगा बघायला लागला. तो मुलगाही आता पांढऱ्या दाढीचा मामू झालेला. बाई तिथं लाकडी स्टुलावर बसून राहायच्या. काढलेला प्रत्येक भाग हातात घेऊन बघायच्या, कुठं झिजलाय विचारायच्या, का झिजला ते विचारायच्या. इंजिन दोनदा पूर्ण खोलून बांधलं, ते दोन्ही वेळा त्यांच्यासमोर. मामू मला म्हणाला होता, "साब, लोगां गाडी छोडके जाते, शाम कू आते. ये बाई बैठके रैते. मेरे अब्बा बोलते थे, ये आई तो मैं हात धोके काम करताऊं." मग खालच्या आवाजात म्हणाला, "मेरा बेटा मोबाइल की दुकान में है. मेरे बाद इसकू कौन खोलेगा, मालूम नै."

बाईंना हे ऐकू गेलं होतं. पुढच्या महिन्यात त्या मामूच्या गॅरेजमध्ये जाऊन कार्ब्युरेटर खोलायला शिकल्या. वय पासष्टच्या पुढं. पदर खोचून, डोळ्यांवर चष्मा, हातात पाना. बोळातून जाणारी माणसं थांबून बघायची. बाई कुणाकडं बघायच्या नाहीत.

एवढं सगळं कशासाठी, हा प्रश्न मला कितीतरी वर्षं पडलेला होता. विचारण्याची हिंमत नव्हती. उत्तर मला त्यांच्या गावात मिळालं, त्यांच्या धाकट्या भावाकडून.

दुपारी जेवणं झाली होती. अंगणातल्या लिंबाखाली गाडी उभी होती आणि भाऊ सहज बोलून गेले, "ही आली तवाचा दिवस मला अजून दिसतो." मग त्यांनी सांगितलं. बाईंनी गाडी घेतली आणि चौथ्या दिवशी गावी आणली. त्यांच्या वस्तीत काय, आख्ख्या गावात तेव्हा बाईमाणसानं गाडी चालवलेली कुणी पाहिली नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याचा जय भीम घेता घेता बाईंचा हात दुखला. वडील तेव्हा होते. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेला माणूस. बाई म्हणाल्या, "बाबा, पुढं बसा." ते बसेनात. मागं बसतो म्हणाले. बाईंनी मागचं दारच उघडलं नाही. शेवटी बसले, अंग चोरून. बाईंनी विचारलं, कुठं जायचं?

"तर बाबा म्हनले, मधल्या गल्लीनं घे. पाटलाच्या वाड्याकडून," भाऊ सांगत होते. "तिकडून आम्ही लहानपणी मान खाली घालून जायचो. अक्का म्हनली, बरं. गाडी निघाली. बाबा म्हनले, हळू चालव, लई हळू. सगळ्यांला दिसू दी. गल्लीत माणसं उभी. म्हशी उभ्या. मी मागून पळत होतो. म्हनलं, अक्का, हॉर्न वाजव की! तिनं नाय वाजवला."

मी बाईंकडं पाहिलं. त्या बाजेवर बसून सुपारी कातरत होत्या.

"का नाही वाजवला?" माझ्या बायकोनं विचारलं.

"गरज काय होती?" बाई म्हणाल्या. "सगळे बघतच होते."

वडील त्यानंतर वर्षभरात गेले. पण ते वर्षभर, बाई गावी आल्या की वडील आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आधीच ओट्यावर बसलेले असत, असं भाऊ म्हणाले. जायचं कुठंच नसे. बसायचं, पारापर्यंत जायचं, परत यायचं.

मुलगा नोकरीला लागला, चांगला कमवायला लागला, तेव्हा त्यानं आईसाठी नवी गाडी पाठवली. लाल रंगाची, गिअर टाकायची भानगड नसलेली, बॉनेटवर रिबिनीचं मोठं फूल. कॉलनी जमा झाली. बाईंनी मुलाचं मन मोडलं नाही. फूल काढून शेजारच्या पोरीला दिलं आणि अनवाणी त्या नव्या गाडीत बसून सेव्हन हिलपर्यंत चक्कर मारून आल्या.

"कशी आहे?" मुलगा फोनवर विचारत होता.

"छान आहे रे. गार हवा येते. सगळं आपणच करते." मग म्हणाल्या, "मला काही विचारतच नाही ती."

ती लाल गाडी चांगलीच होती. कधी बंद पडली नाही, कधी त्रास दिला नाही. बाई तिच्यातून बँकेत जायच्या, भाजीला जायच्या, लग्नाला जायच्या. सोयगावला मात्र पांढरीच. पुढं मुलाला बाळ झालं तेव्हा लाल गाडी त्यांनी सुनेकडं पुण्याला पाठवून दिली. सूनबाईंनी ती तीन वर्षांनी विकली. बाईंनी फक्त सुनेच्या नळाची चौकशी केली. सुनेला काही कळलं नाही, आम्हाला कळलं.

आता जे सांगायचं आहे ते परवा-परवाचं. आम्ही केव्हाच फ्लॅट घेऊन दोन गल्ल्या सोडून राहायला गेलो होतो, पण बायकोची बाईंकडं फेरी चुकत नसे. उन्हाळा कडक होता. बायको गेली तर बाई पाय लांब करून ओट्यावर बसलेल्या. त्यांच्या उजव्या तळव्यावर हा एवढा फोड होता.

"बाई, अहो हे काय? भाजलं कुठं?"

बाईंनी पाय वळवून पाहिलं. त्यांना तो फोड माहीतच नव्हता. सकाळी गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या होत्या, तेवढंच. तापलेल्या गच्चीवर अनवाणी उभ्या राहिल्या आणि तळवा पोळला तो कळला नाही. साखरेचं दुखणं त्यांना काही वर्षं होतंच. गोळ्या वेळेवर, खाणं मोजून, सगळं शिस्तीत. तरी ते आपलं काम करत राहिलेलं.

बायकोनं मला नंतर सांगितलं ते असं. बाई शांतपणे उठल्या, आत जाऊन साडीची एक पिन घेऊन आल्या, स्पिरिटनं पुसली आणि बायकोच्या हातात दिली. मग पाय तिच्या मांडीवर ठेवला आणि डोळे मिटले. "टोच. अंगठ्यापासून सुरू कर. टोचलेलं कळलं की मी सांगते."

बायकोनं हलक्या हातानं टोचलं. बाई काही बोलल्या नाहीत. तिनं जरा पुढं टोचलं. मग चवड्यावर, मग मधोमध. बाई डोळे मिटून वाट बघत होत्या. चेहऱ्यावर काही नाही. शेवटी बायकोच थांबली, तिला रडू यायला लागलं होतं.

"टोचतेयस ना?" बाईंनी विचारलं.

"हो," बायको म्हणाली.

बाईंनी डोळे उघडले, पिन परत घेतली आणि म्हणाल्या, "चहा टाकते."

त्या दिवसानंतर गाडी शेडमधून बाहेर निघाली नाही. सकाळी त्या जाऊन इंजिन तेवढं सुरू करायच्या, थोडा वेळ ऐकायच्या, बंद करायच्या. आणि नेमकी त्याच महिन्यात गाडीच्या पासिंगची तारीख होती. जुन्या गाडीला दर पाच वर्षांनी आरटीओत दाखवून आणावं लागतं, ती चालायला लायक आहे की नाही ते साहेब बघतात. मुलगा पुण्याहून सांगत होता, आई, आता पुरे, भंगारात दे. जुन्या गाड्यांचा शौक असलेले एक गृहस्थ दोनदा येऊन गेले होते. बंगल्यात काचेमागं ठेवू म्हणाले. बाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मला फोन आला. "उद्या सुट्टी घेता येईल? गाडी तुम्हाला चालवायची आहे."

ओळख झाल्यापासून त्या गाडीच्या चाकाला मी कधी हात लावला नव्हता. कुणीच लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बूट काढून बसलो. बाई डावीकडं बसल्या, चपला घालून. कुणी सांगितलं नव्हतं तरी मी पूर्ण रस्ता एक शब्द बोललो नाही. तळव्याखाली क्लच होता, ब्रेक होता आणि खालून एक बारीक, एकसारखी थरथर येत होती. मी इतक्या गाड्या वापरल्या, पण गाडी पायाला असं काही सांगते हे मला त्या दिवशी कळलं.

आरटीओतले साहेब तरुण होते. गाडीकडं बघून हसले. "आजी, हिला आता पेन्शन द्या की."

"मला आहे पेन्शन," बाई म्हणाल्या. "हिचं तुम्ही बघा."

साहेबांनी दिवे पाहिले, खालून पाहिलं, पत्रा ठोकून पाहिला. मग चालवून बघायला म्हणून दार उघडून बसणार, तोच बाई म्हणाल्या, "साहेब, बूट."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूचे एजंट बघायला लागले. साहेबांनी बाईंकडं पाहिलं. त्या हात मागं बांधून ताठ उभ्या होत्या, वॉर्डात राउंडला उभ्या राहत असतील तशा. साहेबांनी नाडी सोडली, बूट काढून माझ्याकडं दिले आणि मोजे घालून गाडीत बसले. बाईंनी मान हलवली. साहेबांनी मोजेही काढले.

आवारात एक फेरी मारून ते येतील असं वाटलं होतं. ते फाटकाबाहेर गेले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी दोन्ही हातांत साहेबांचे बूट धरून उभा. आले तेव्हा चाकावरचा हात न काढताच त्यांनी विचारलं,

"हिला सांभाळलंय कुणी एवढं?"

"चालवलंय," बाई म्हणाल्या. "सांभाळत बसले असते तर केव्हाच सडली असती."

गाडी पास झाली. परत येताना मी खुशीत होतो. जालना रोडला लागल्यावर म्हणालो, "बाई, आता पाच वर्षं काळजी नाही. पाय जरा बरा झाला की—"

"पाय बरा होत नसतो," त्या म्हणाल्या. "गाडी पास झाली. मी नापास आहे."

"कुणी केलं तुम्हाला नापास?"

"मीच. ब्रेक पायाखाली आहे की नाही, ते मला आता वाकून बघावं लागतं."

मी हुज्जत घालायला लागलो. म्हटलं, बूट घाला, हळू चालवा, नुसती कॉलनीत चालवा. रस्त्यावर बघा की कशी कशी माणसं गाड्या चालवतात, निम्म्यांना दिसत नाही, निम्मे फोनवर असतात. तुमच्यासारखी चालवणारी आख्ख्या जिल्ह्यात नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अपघाताच्या वॉर्डात मी वर्षानुवर्षं काढली," त्या म्हणाल्या. "ठोकणारेही यायचे, ठोकलेलेही यायचे. सगळे एकच सांगायचे, सिस्टर, काही कळलंच नाही. खरंच कळलं नसेल त्यांना. मला कळलंय. मी आता काय सांगणार?"

सिग्नल हिरवा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मला गाडी पुढं घेणं सुचेना. माझ्या वडिलांनी मोतीबिंदू लपवून दोन वर्षं स्कूटर चालवली होती. आमच्या बँकेतले एक साहेब फिट येत असताना गाडी चालवतात, आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आणि या बाईनं, जिला कुणी विचारलं नव्हतं, जिचं कुणी काही पाहिलं नव्हतं, तिनं स्वतःचा पाय दुसऱ्याच्या मांडीवर ठेवून स्वतःचा निकाल लावला होता, आणि तो आवाजही न चढवता मला सांगितला होता. माणूस एवढा सरळ असू शकतो, याचीच मला भीती वाटली.

मला वाटलं, आता गाडी विकतील. बाईंच्या डोक्यात वेगळंच होतं.

त्यांच्याकडं स्वयंपाकाला रेखा यायची. माहेर करमाडचं, नवरा रिक्षा चालवणारा, दोन मुली. बाईंनी एक दिवस तिला सांगितलं, "उद्यापासून सकाळी लवकर ये. पोळ्या नंतर."

सकाळी मी गाडी मैदानावर नेऊन दिली आणि रेखा चाकामागं बसली. गाडी चार पावलं जायची आणि आचका देऊन बंद पडायची. पाचव्या-सहाव्या वेळी ती रडकुंडीला आली. "मला नाय जमायचं बाई हे."

"तुला वरण जमत नाही, ते मी रोज खाते," बाई म्हणाल्या. "हे जमेल. लाव किल्ली."

नवऱ्याला कळलं तेव्हा तो तणतणत आला. मी इतकी वर्षं रस्त्यावर आहे, बायामाणसांचं हे काम नाही, उद्या कुणाला उडवलं म्हणजे? बाईंनी त्याला मागच्या सीटवर बसवलं. "बस. बघ. आणि हर्सूलपर्यंत बोलायचं नाही." रेखानं गाडी काढली. हर्सूलला उतरल्यावर तो पठ्ठ्या एवढंच म्हणाला, "गिअर माझ्यापेक्षा हलका टाकती."

रेखाला लायसन मिळालं त्याच्या पुढच्या आठवड्यात बाईंचा आम्हाला निरोप आला: गावी जायचंय, या. भादवा लागला होता. जळगावचा रस्ता वर्षानुवर्षं खणून ठेवलेला, आता कुठं बराचसा झालेला. रेखा चाकावर, बाई तिच्या डावीकडं, मागं आम्ही दोघं. हर्सूलपर्यंत नेहमीसारखी शांतता. पुढं फुलंब्री, सिल्लोड. बाई सूचना देत नव्हत्या. हात मांडीवर होते, पाय चपलांमध्ये.

अजिंठा गाव मागं टाकून आम्ही घाटाला लागलो. रेखानं गिअर खाली घेतला. पहिलं वळण तिनं छान घेतलं. दुसरंही. मी मनातल्या मनात तिच्याबरोबर ब्रेक दाबत होतो. आणि मधल्या एका वळणावर बाई एकदम म्हणाल्या, "थांब."

रेखानं गाडी कडेला, कठड्याजवळ जागा बघून घेतली आणि घाबरून विचारलं, "काय झालं बाई? आवाज येतोय?"

बाई दार उघडून उतरल्या. मीही उतरलो, बॉनेटकडं गेलो. पण त्या गाडीकडं आल्याच नाहीत. पाय सांभाळत, एकेक पाऊल बघून टाकत कठड्यापाशी गेल्या आणि त्यावर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

खाली दरी हिरवीगार भरून आली होती. समोरच्या कड्यांवरून पाण्याच्या तीन-चार बारीक धारा उतरत होत्या. त्यांच्याही पलीकडं, खूप खाली, खानदेशाचा सपाट मुलूख लांबवर पसरला होता. एक ढग आमच्या पातळीवरून सावकाश चालला होता.

बायको त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्हणाली, "छान दिसतं ना बाई या दिवसांत?"

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत तो चेहरा असा मोकळा झालेला मी पहिल्यांदा बघत होतो.

"हे इथंच असतं?" त्यांनी विचारलं. "मला वाटायचं, इथं नुसता उतार आहे."